कार्यस्मृती आणि तिचा व्यायाम : काय साधते, काय साधत नाही

आमच्या मेंदूविकार बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या आणि पक्षाघातातून सावरत असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांकडून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो. संगणकावरचे किंवा मोबाईलवरचे स्मरणशक्तीचे खेळ रोज खेळवले, तर बाबांची बुद्धी पुन्हा पूर्वीसारखी चालेल का? काही कुटुंबे अशा खेळांची वर्गणी भरून आलेली असतात, तर काही जण ती भरण्यापूर्वी सल्ला घेण्यासाठी येतात. परीक्षेस बसणाऱ्या मुलांचे पालकही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात.

अहवाल वर्षात आमच्या एका जुन्या हितचिंतकांनी याच हेतूने एक संगणक कक्ष उभारून देण्याची तयारी दर्शवली. त्यांच्या उदार भावनेबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. उपलब्ध संशोधनाचा आमच्या वैद्यकीय समितीने अभ्यास केल्यानंतर, देणगीदारांच्याच संमतीने, ती रक्कम वेगळ्या कामाकडे वळवण्याचा निर्णय विश्वस्त मंडळाने घेतला. हा निर्णय का घेतला आणि त्यामागे कोणते शास्त्र आहे, हे सर्व देणगीदारांना व रुग्णांच्या कुटुंबीयांना समजावून सांगणे आमचे कर्तव्य आहे. त्यासाठीच हे टिपण.

कार्यस्मृती म्हणजे काय?

'स्मरणशक्ती' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. बालपणीच्या घराचे अंगण आठवणे, सायकल चालवता येणे आणि आत्ताच ऐकलेला दूरध्वनी क्रमांक लिहून घेईपर्यंत मनात धरून ठेवणे, या तिन्ही गोष्टी स्मरणशक्तीच्याच असल्या तरी मेंदूत त्यांची व्यवस्था निरनिराळी असते. यांपैकी तिसऱ्या प्रकाराशी या लेखाचा संबंध आहे.

मंडईत ३८ रुपये किलोचे ७ किलो कांदे घेतले, तर किती पैसे द्यायचे? बहुतेक जण तीस साते दोनशे दहा हा आकडा मनात बाजूला ठेवतात, मग आठ साते छप्पन्न करतात, आणि बाजूला ठेवलेले दोनशे दहा पुन्हा पुढे घेऊन दोनशे सहासष्ट सांगतात. एक गोष्ट धरून ठेवणे आणि त्याच वेळी दुसरीवर काम करणे, ही जी मनाची क्षमता आहे, तिला कार्यस्मृती म्हणतात. लांब वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याची सुरुवात ध्यानात ठेवणे, एका चुलीवर वरण आणि दुसरीवर भात असताना दोहोंचे भान राखणे, डॉक्टर तिसरे औषध समजावत असताना पहिल्याची वेळ न विसरणे, ही सगळी तिचीच कामे होत.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली व ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यस्मृतीची जी रचना मांडली, ती आजही शिकवली जाते. त्यांच्या मते तिचे तीन भाग असतात. ऐकलेले शब्द मनातल्या मनात पुटपुटत ताजे ठेवणारा एक भाग. जागा, आकार व चित्रे धरून ठेवणारा दुसरा भाग. आणि लक्ष कोठे द्यावे हे ठरवणारा, या दोहोंवर देखरेख करणारा तिसरा. पुढे २००० साली बॅडली यांनी या सर्वांना जुन्या आठवणींशी जोडणारा चौथा भागही त्यात समाविष्ट केला. मेंदूच्या दृष्टीने पाहता, कपाळामागील अग्रखंड आणि डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूचा पार्श्वखंड यांच्या सहकार्याने हे काम चालते. म्हणूनच या भागांस पक्षाघाताचा किंवा अपघाताचा धक्का बसलेल्या रुग्णास जुन्या गोष्टी खडान्‌खडा आठवतात. तथापि एका वेळी दोन सूचना दिल्या की तो गोंधळून जातो. 'सगळे आठवते, मग मुद्दाम करतात की काय?' अशी शंका घरच्या मंडळींना येते. तो हट्ट नसतो, ते आजाराचेच लक्षण असते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

लहान टोपली आणि जुड्या

कार्यस्मृतीची टोपली फार लहान असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिचे माप 'सात, दोन कमी अथवा जास्त' असे सांगितले होते. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये या विषयावरील प्रयोगांचा आढावा घेऊन ते माप सुमारे चारपर्यंत खाली आणले. वयाबरोबर ही क्षमता हळूहळू उतरते, हेही स्वाभाविक आहे. चिंता, अपुरी झोप, वेदना आणि नैराश्य हेही या टोपलीत जागा अडवून बसतात. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दिलेल्या सूचना हुशार, शिकलेल्या माणसासही का आठवत नाहीत, याचे उत्तर येथे आहे.

मग एवढ्याशा टोपलीत माणूस एवढा व्यवहार कसा करतो? तो सुट्या काड्या ठेवत नाही, जुड्या बांधून ठेवतो. दहा अंकी मोबाईल क्रमांक आपण एकेक अंक करून सांगत नाही. 'अठ्ठ्याण्णव, बावीस, सत्तेचाळीस' अशा जोड्या करून सांगतो. दहा अंकांच्या पाच जुड्या झाल्या की ओझे निम्मे होते. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ केली होती. 'अडीच सत्ते साडेसतरा' हे ज्याच्या जिभेवर आहे, त्यास गुणाकार करावाच लागत नाही; उत्तर कायमच्या स्मृतीतून आयते येते आणि कार्यस्मृती पुढच्या विचारासाठी मोकळी राहते. पाठांतराचा खरा लाभ टोपली मोठी होण्यात नसून तिच्यावरचा भार हलका होण्यात आहे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

मुंबईकरांस परिचित असे एक उदाहरण देता येईल. १८९१ साली इंग्लंडहून परतलेल्या गांधीजींची मुंबईत रायचंदभाईंशी, म्हणजेच श्रीमद् राजचंद्र यांच्याशी, भेट झाली. रायचंदभाई शतावधानी म्हणून प्रसिद्ध होते. गांधीजींनी त्यांची परीक्षा घेण्यासाठी आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्दांचा सारा साठा रिता केला आणि त्यांनी ते शब्द त्याच क्रमाने परत म्हणून दाखवले, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. पण त्याच ठिकाणी त्यांनी हेही स्पष्ट केले आहे, की आपण मोहून गेलो ते या शक्तीने नव्हे. ते शास्त्रज्ञान, शुद्ध चारित्र्य आणि आत्मदर्शनाची तळमळ यांनी. स्मृतीचे प्रभुत्व आणि जीवनातला विवेक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यांनी सहज केला होता. आधुनिक प्रयोगशाळांतही हाच भेद पुढे आला.

व्यायामाची कल्पना कोठून आली?

कार्यस्मृती मोजण्याच्या चाचण्या जुन्या आहेत. अंक सांगून ते उलट क्रमाने म्हणावयास लावणे, ही चाचणी आमच्या विभागातही रोज केली जाते. १९५८ मध्ये वेन किर्चनर यांनी आणखी एक कठीण चाचणी वापरली. तीत एकामागून एक गोष्टी दाखवल्या जातात आणि समोरची गोष्ट काही पायऱ्या आधी आलेल्या गोष्टीशी जुळते का, हे ओळखावयाचे असते. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर जुनी टाकून द्यावी लागते. म्हणून ही चाचणी मनाला चांगलीच दमवते.

ज्या चाचणीने मोजता येते, तिचाच सराव केला तर क्षमता वाढेल काय, असा विचार पुढे आला. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे टॉर्केल क्लिंगबर्ग व त्यांचे सहकारी यांनी २००२ आणि २००५ मध्ये लक्ष-न्यूनता व अतिचंचलता असलेल्या मुलांवर संगणकीय सरावाचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००८ मध्ये सुझान येगी व सहकाऱ्यांनी तर असे मांडले, की कान आणि डोळे दोहोंना एकाच वेळी राबवणाऱ्या सरावाने तरुणांची नवे कोडे सोडवण्याची बुद्धी वाढते, आणि जितके दिवस सराव जास्त तितकी वाढ जास्त. बुद्धी ही बव्हंशी ठरलेली असते असे मानणाऱ्या जगास ही मोठीच वार्ता होती. तिच्या आधारे खेळांचा एक व्यवसायच उभा राहिला.

पडताळणीत काय आढळले?

शास्त्रात पहिल्या निष्कर्षापेक्षा पुढच्या पडताळणीस अधिक महत्त्व असते. येथे पडताळणी पुष्कळ झाली.

ब्रिटनमध्ये एड्रियन ओवेन यांच्या गटाने २०१० मध्ये ११,४३० जणांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा आठवडे संगणकावर सराव केल्यानंतर प्रत्येक जण ज्या खेळाचा सराव करत होता, त्यात सुधारला. तथापि ज्या चाचण्यांचा सराव केला नव्हता, अगदी तशाच प्रकारच्या असल्या तरी, त्यांत म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. मोनिका मेल्बी-लेरवॉग, थॉमस रेडिक व चार्ल्स ह्यूम यांनी २०१६ मध्ये ८७ प्रकाशनांचा एकत्रित आढावा घेतला. कार्यस्मृतीच्या सरावानंतर तशाच चाचण्यांत काही काळ सुधारणा दिसते, पण वाचनाचे आकलन, गणित किंवा सर्वसाधारण बुद्धी यांवर खात्रीलायक परिणाम होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातून ४५२ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. सहा-सात वर्षे वयाच्या, कार्यस्मृती दुबळी असलेल्या या मुलांपैकी निम्म्यांना शाळेत संगणकीय सराव दिला गेला. दोन वर्षांनी वाचन, शुद्धलेखन वा गणित यांत त्यांस काहीही अधिक लाभ झालेला नव्हता; उलट तेवढे तास ती मुले वर्गातील नेहमीच्या शिक्षणास मुकली होती.

अपेक्षेचाही परिणाम मोठा असतो. अमेरिकेत २०१६ मध्ये सायरस फरौघी व सहकाऱ्यांनी दोन प्रकारची भित्तिपत्रके लावून स्वयंसेवक जमवले. एका पत्रकात सरावाने बुद्धी वाढते असे सूचित केले होते, दुसऱ्यात तसा उल्लेख नव्हता. दोघांनीही केवळ एक तास तोच सराव केला. पहिले पत्रक वाचून आलेल्यांचे बुद्धिमापन चाचणीतील गुण वाढले, दुसऱ्यांचे वाढले नाहीत. एका तासात बुद्धी वाढणे शक्य नाही, तेव्हा ती वाढ बव्हंशी अपेक्षेचीच होती. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने लुमॉसिटी या लोकप्रिय खेळाच्या निर्मात्यांवर, वार्धक्यातील बुद्धिऱ्हास रोखण्याचे दावे पुरेशा पुराव्याविना केल्याचा ठपका ठेवला, आणि २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवण्यात आले.

याची कारणमीमांसा एका जुन्या प्रयोगात सापडते. १९८० मध्ये अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस व स्टीव्ह फालून यांनी एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याची हकिगत प्रसिद्ध केली. सुरुवातीस तो सात अंक ध्यानात ठेवी. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ अंक म्हणू लागला. तो स्वतः धावपटू असल्याने अंकांच्या गटांना शर्यतींच्या वेळांचे रूप देऊन जुड्या बांधत असे. पण अंकांऐवजी अक्षरे देताच तो पुन्हा सहावर आला. त्याची टोपली मोठी झालीच नव्हती. त्याला अंकांच्या जुड्या बांधण्याची कला साधली होती. सराव ज्याचा, प्रावीण्य त्याचे.

याची दुसरी बाजूही मांडणे न्यायाचे ठरेल. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ जणांवर केलेल्या 'ॲक्टिव्ह' या मोठ्या चाचणीत स्मरणाची युक्ती, तर्क आणि पाहून चटकन ओळखण्याचा वेग, यांचे दहा-दहा वर्ग तीन गटांना स्वतंत्रपणे दिले गेले. २००२ मधील पहिल्या निष्कर्षांत प्रत्येक गट आपापल्या विषयात सुधारला. २०१४ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनंतरच्या पाहणीत, तर्क व वेग यांचा लाभ टिकून होता, स्मरणयुक्तीचा टिकला नव्हता. मात्र तिन्ही गटांतील व्यक्तींनी दैनंदिन व्यवहारात, सराव न केलेल्यांच्या तुलनेत, कमी अडचणी येत असल्याचे सांगितले. हे खेळ घातक नाहीत, आणि ज्यांना त्यांत आनंद वाटतो त्यांनी ते जरूर खेळावेत. आमचा आक्षेप आहे तो 'बुद्धी पूर्ववत होईल' या आश्वासनास, आणि त्यासाठी औषधपाण्याच्या पैशांतून होणाऱ्या खर्चास.

रोजचा विचार खरोखर कशाने सुधारतो?

आमच्या अनुभवास आणि उपलब्ध पुराव्यास धरून आम्ही कुटुंबांना चार पायऱ्या सुचवतो, आणि त्यांचा क्रम पाळण्याचा आग्रह धरतो.

पहिली पायरी तपासणीची. विसराळूपणा म्हणजे स्मृतिभ्रंशच, असे नव्हे. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंदावलेले काम, रक्तक्षय, नैराश्य, घोरण्यासह होणारा झोपेतील श्वासरोध, मद्यपान, आणि झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या काही औषधांचा परिणाम, यांमुळेही विचार मंदावतो. यांपैकी बहुतेकांवर उपाय आहेत आणि ते खर्चिक नाहीत. ऐकू कमी येणाऱ्या माणसाची सारी कार्यस्मृती समोरचा काय म्हणाला हे जुळवण्यातच खर्ची पडते. अर्थाकडे लक्ष द्यावयास काही उरत नाही. 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके नमूद केले. त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, शारीरिक निष्क्रियता आणि एकटेपणा यांचा समावेश आहे. बोलणे किंवा समजणे अचानक बिघडले, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, तर मात्र तपासणीची वेळ ठरवत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो, रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे.

दुसरी पायरी ओझे उतरवण्याची. जे कागदावर राहू शकते, ते डोक्यात वागवू नये. वैद्यकीय सल्ल्यापैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण लगेचच विसरतात, असे रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात नमूद आहे. म्हणून औषधांचे सकाळ-दुपार-रात्र असे मोठ्या अक्षरांतले कोष्टक भिंतीवर लावावे. किल्ल्या, चष्मा आणि पाकीट यांची जागा ठरवून टाकावी. एका वेळी एकच सूचना द्यावी. हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. अनुभवी शल्यचिकित्सकदेखील स्मृतीवर विसंबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी मोठ्याने वाचावयाची तपासयादी आणली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरल्यावर, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ वरून ७ टक्क्यांवर आले. एक कागद एवढे काम करतो.

तिसरी पायरी सवयीची. 'औषध घेईन' असा मोघम निश्चय विसरला जातो. 'सकाळचा चहा झाला की कप खाली ठेवताच गोळी घेईन' असा निश्चय टिकतो. 'अमुक झाले की तमुक करीन' या प्रकारच्या निश्चयांचा अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी केला असून त्यांची उपयुक्तता अनेकदा दिसून आली आहे. येथे लक्ष ठेवण्याचे काम चहाचा कप करतो, मन मोकळे राहते.

चौथी पायरी सरावाची, आणि तो सराव ज्या कामात सुधारणा हवी त्याच कामाचा असावा. ज्या आजींना पुन्हा स्वयंपाकघर सांभाळावयाचे आहे, त्यांनी पडद्यावरचे रंगीत चौकोन ओळखण्यापेक्षा पोहे करावेत. आधी सामान मांडून, पायऱ्या मोठ्याने म्हणत, सोबत कोणीतरी उभे असताना. मग हळूहळू सोबत कमी करत.

घरी करावयाचे काही सराव

ज्यांना मनाला ताण देण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी पुढील सराव आम्ही देतो. यांस संगणक लागत नाही, आणि नातवंडांसह केल्यास गप्पांचा लाभ मिळतो तो वेगळाच. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. चुका होऊ लागल्या की एक पायरी खाली यावे. दमणूक किंवा चिडचिड होईपर्यंत ताणू नये.

१. उलट क्रम : कोणीतरी तीन अंक सांगावेत, ते उलट म्हणावेत. सलग जमले की चार, मग पाच. अंकांऐवजी रेल्वे मार्गावरील स्थानके किंवा मराठी महिने चालतील.

२. दोन पाने मागे : पत्त्यांचा कॅट घेऊन एकेक पान उलटत जावे आणि प्रत्येक वेळी दोन पानांपूर्वी आलेले पान सांगावे. हा किर्चनर यांच्या चाचणीचाच घरगुती अवतार आहे. सुरुवात एक पान मागे सांगण्याने करावी.

३. तोंडी हिशेब : वाण्याच्या यादीतील चार जिन्नसांची बेरीज कागदाविना करावी आणि मग कागदावर पडताळावी.

४. ऐकून सांगणे : आकाशवाणीवरील बातम्यांपैकी तीन बातम्या ऐकून झाल्यावर आपल्या शब्दांत क्रमाने सांगाव्यात.

५. वाढत्या अंतराने आठवणे : एखादे नवे नाव किंवा क्रमांक लगेच, मग एका मिनिटाने, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने आणि दुसऱ्या दिवशी आठवावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसही एखादी मोजकी उपयुक्त गोष्ट या रीतीने शिकवता येते.

पहिल्या तीन सरावांनी माणूस त्या त्या सरावात तरबेज होईल. त्यापलीकडची ग्वाही आम्ही देत नाही. चौथा आणि पाचवा यांचा व्यवहारात थेट उपयोग होतो. या सर्वांच्या जोडीस रोजचे चालणे हवेच. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयोगटातील, स्मृतिभ्रंशाचा धोका असलेल्या १,२६० व्यक्तींवर केलेल्या 'फिंगर' चाचणीत आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी घटकांवर देखरेख असा चौपदरी कार्यक्रम दोन वर्षे राबवला गेला. नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा या गटाची बौद्धिक कामगिरी अधिक चांगली राहिल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्या खेळास जे साधत नाही, ते अशा एकत्रित दिनक्रमास काही प्रमाणात साधते.

निर्णयामागील भूमिका

या साऱ्याचा विचार करून, संगणक कक्षासाठी देऊ केलेला निधी चार गोष्टींसाठी वापरण्याचे ठरले : विसराळूपणाची तक्रार घेऊन येणाऱ्या गरजू रुग्णांच्या रक्ततपासण्या, श्रवण व दृष्टी यांची तपासणी आणि आवश्यक त्यांना श्रवणयंत्र व चष्मा, दैनंदिन कामांचा सराव करून घेणाऱ्या व्यवसायोपचार विभागात स्वयंपाकाचा ओटा व साहित्य, आणि घरी नेण्यासाठी मोठ्या अक्षरांतील औषध-कोष्टके व सरावपत्रिका. त्याचबरोबर, रुग्णास घरी पाठवताना परिचारिकांनी सूचना एकदा सांगून न थांबता, त्या नातेवाइकांकडून त्यांच्याच शब्दांत परत वदवून घ्याव्यात, अशी पद्धत ठेवण्यात आली आहे. तीस खर्च नाही, फक्त चार मिनिटे लागतात.

संगणक कक्षावर देणगीदारांच्या नावाची पाटी दिमाखाने झळकली असती, हे आम्ही जाणतो. रक्ततपासणीच्या चिठ्ठीस किंवा कानामागील श्रवणयंत्रास पाटी लावता येत नाही. तरीही नातवाचे बोलणे पुन्हा स्पष्ट ऐकू येऊ लागल्यावर जे आजोबा संभाषणात परत सामील होतात, त्यांच्या घरात ती देणगी रोज बोलत असते, अशी आमची श्रद्धा आहे. देणगीदारांनीही हे समजून घेऊन निर्णयास मनःपूर्वक संमती दिली, याबद्दल विश्वस्त मंडळ त्यांचे पुनश्च आभार मानते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची एवढीच विनंती आहे, की आप्तांची बुद्धी 'तेज' करण्याचे आश्वासन देणाऱ्या कोणत्याही साधनावर पैसे खर्च करण्यापूर्वी एकदा विभागात येऊन विचारावे. सरावपत्रिका बाह्यरुग्ण विभागात विनामूल्य मिळतात. ज्यांना आठवड्यातून एखादा तास देणे शक्य आहे, अशा वाचून दाखवणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या, पत्ते खेळणाऱ्या स्वयंसेवकांचीही आम्हांस गरज आहे.